बरणीतल्या मेणाचं कूळ

दिवाळी जवळ आली की नाशिकमध्ये घरी मेणबत्त्या करणाऱ्यांच्या फोनाफोनीत एक प्रश्न हमखास येतो: बरणीत ओतायचं नेहमीचं सोया मेण, म्हणजे सोयाबीन तेलाचं, मिळत नाहीये, त्याऐवजी काय चालेल? मीही एका वर्षी अशीच अडकले. पुरवठादाराने बरण्यांसाठीचं पॅराफिन ब्लेंड, म्हणजे खनिज तेलातल्या मेणाचं मिश्रण, हातात ठेवलं आणि म्हणाला, काही फरक पडत नाही. वात मी तीच ठेवली, सोयाला लागते तशी जाडसर. ज्योत बोटभर उंच गेली, काचेच्या कडेला काळा पट्टा चढला आणि बरणी हातात धरवेना. वीस बरण्या डबल बॉयलरमध्ये ठेवून पुन्हा वितळवल्या. तेव्हापासून नवं मेण घेताना मी आधी त्याचं कूळ विचारते.

आपल्याकडे मेण म्हणजे पूर्वी मधमाशांचंच. मोहोळातला मध काढला की मागे राहणारं, आजीच्या पिढीनं कुंकू टिकावं म्हणून कपाळावर लावलेलं. ते 62 ते 64 अंशांना वितळतं. पण त्याची बत्ती करून घरात लावायची आपली रीत नव्हती. समई होती, निरांजन होतं. मेणबत्ती आली ती साहेबाबरोबर आणि चर्चबरोबर. नाशिकच्या शरणपूरला ख्रिस्ती मिशनची वसाहत 1854 साली उभी राहिली. आजही फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, तेव्हा तिथे लागणाऱ्या मेणबत्त्या पाहाव्यात.

युरोपात गरिबाच्या घरी जनावराच्या चरबीची बत्ती जळायची. धूर, वास, आणि दर थोड्या वेळाने वातीचा गुल कातरण्याची कटकट. शेव्रोल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीतून घट्ट स्टिअरिक आम्ल वेगळं केलं आणि 1825 साली गे-लुसाकसोबत त्याच्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं. त्याच सुमाराला कांबासेरेसने वेणीसारखी विणलेली वात आणली. ती जळताना वाकते, टोक ज्योतीच्या कडेला येतं आणि आपोआप जळून जातं, म्हणजे कात्रीची गरजच संपली. मेण आणि वात दोन्ही एकाच काळात बदलले, हा योगायोग मला वाटत नाही. मेण बदललं की वातही बदलावी लागते, माझ्या वीस बरण्यांनीही तेच सांगितलं होतं.

खोबऱ्याच्या तेलाचं मेण हल्ली नवलाईचं म्हणून विकलं जातं. खरं तर मेणबत्त्या करणाऱ्या लंडनच्या प्राइसेस कंपनीने 1830 च्या दशकातच सिलोनच्या नारळाची चरबी मेणबत्तीत घातली होती. नुसतं खोबरेल 24 अंशांना पातळ होतं, हे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून तेव्हाही त्याचा घट्ट भाग वेगळा काढावा लागे, आणि आजही 'कोकोनट वॅक्स' म्हणून मिळतं ते बहुधा मिश्रणच असतं.

पॅराफिनची गोष्ट थोडक्यात अशी: 1830 साली रायखेनबाखने ते लाकडाच्या डांबरातून काढलं, 1850 साली जेम्स यंगने कोळशापासून काढण्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात ते ढिगाने मिळू लागलं. आपल्याकडे आसामातली दिग्बोईची रिफायनरी 1901 ची. लोडशेडिंगच्या वर्षांत खिडकीत उभी असायची ती पांढरी काडी याच कुळातली.

पण काडीचं मेण आणि बरणीचं मेण एक नव्हे. काडीला स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं, म्हणून तिला 58-60 अंशांना वितळणारं कडक पॅराफिन लागतं. बरणीत भार काच सोसते. तिथे मेण मऊ हवं, साधारण 50 अंशांच्या आसपास वितळणारं, काचेला चिकटून राहणारं. कडक पॅराफिन निवताना आकसतं, कडेने सुटतं आणि मधोमध खड्डा पडतो. काडीच्या लाद्या आणून बरणीत ओतल्यावर दुसऱ्यांदा ओतायची वेळ येते ती यामुळेच.

सोयाचं मेण मात्र अगदी अलीकडचं. अमेरिकेतल्या आयोवात मायकल रिचर्ड्स यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला महागड्या मधमाशी-मेणाला पर्याय शोधताना ते तयार केलं. युक्ती जुनीच होती: तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचं. 1937 साली भारतात आलेला डालडा याच पद्धतीने बनायचा. डब्यातला तो रवाळ डालडा आठवतो? सोया बरणीवर थंडीत उमटणारी पांढरी नक्षी, जिला 'फ्रॉस्टिंग' म्हणतात, ती त्याचीच बहीण. चरबीचे कण वेगवेगळ्या रूपांत गोठतात, एवढंच. गिऱ्हाईक मात्र बुरशी समजून फोन करतं.

मेण बदलायला नेहमी चांगुलपणाच कारण असतो असंही नाही. अमेरिकेने 1986 साली चीनच्या पेट्रोलियम मेणाच्या मेणबत्त्यांवर जबर शुल्क लावलं. मग पामसारखी वनस्पती मेणं मिसळलेल्या बत्त्या येऊ लागल्या, आणि 2006 मध्ये त्याही त्या शुल्काखाली ओढल्या गेल्या. 'नैसर्गिक' या शिक्क्यामागे कधी कधी जकात असते.

नाशिकला या सगळ्यात हवामानाची भर. जानेवारीत रात्रीचा पारा एक आकडी होतो; गार काचेत सोया ओतलं की ते जागोजागी सुटून ओले डाग दिसतात, म्हणून बरण्या आधी कोमट करून घ्याव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडते आणि 46-49 अंशांना वितळणारं सोया कुरियरच्या बंद टेम्पोत घाम गाळायला लागतं, तेल वर येतं. उन्हाळ्यात मी त्यात थोडं मधमाशी-मेण घालते. मग वात पुन्हा तपासायची.

वासाचंही तसंच. पॅराफिनची बरणी दोन-तीन दिवसांत जोखता येते. सोयाला दहा-बारा दिवस मुरू द्यावं लागतं. मेण बदललं आणि दुसऱ्याच दिवशी पेटवून 'सुगंधच येत नाही' म्हणणाऱ्यांनी लोणचं कधी घातलं नसावं.

माझ्या वहीत आता प्रत्येक मेणाला एक पान आहे. वर त्याचं कूळ, खाली वातीचा नंबर, शेवटी महिना. त्या वीस बरण्यांच्या पानावर काजळीचा अंगठा अजून आहे.