ओझोनचं प्रमाण: ऋतू आणि जागेप्रमाणे होणारे बदल

ओझोन म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू एकत्र येऊन बनलेला वायू. "ओझोनचा थर" म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र आठवतं, पृथ्वीभोवती सगळीकडे सारखी निळी पट्टी, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. खरा थर जुन्या गोधडीसारखा आहे, कुठे जाड कुठे विरलेला, आणि हा जाड-पातळपणा महिन्यागणिक बदलतो. त्यामुळे "ओझोन किती आहे?" या प्रश्नाला कुठला आणि कुठल्या महिन्यातला हे सांगितल्याशिवाय काही अर्थच नाही.

मोजायचं एकक आहे डॉबसन युनिट. डोक्यावरच्या हवेतला सगळा ओझोन खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश सेल्सिअसला पसरला तर जितका जाड थर होईल, त्यातला मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे १ युनिट. जगाची सरासरी साधारण ३०० युनिट आहे, म्हणजे सगळा मिळून जेमतेम ३ मिलिमीटर, एखाद्या भाकरीच्या जाडीएवढा, आणि तेवढ्यावर जमिनीवरची जीवसृष्टी अतिनील किरणांपासून वाचते! यातला जवळपास ९० टक्के ओझोन वर स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या थराच्या वरच्या थरात असतो, मुख्यतः १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर.

आता गंमत बघा. ओझोन बनायला कडक ऊन लागतं, सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतात आणि सुटा झालेला अणू दुसऱ्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो, हे सिडनी चॅपमन या शास्त्रज्ञाने १९३० मध्ये मांडलं. म्हणजे सगळ्यात जास्त ओझोन विषुववृत्ताच्या वर बनतो. पण सगळ्यात कमी साठा पण तिथेच! कारण तिथली हवा स्थितांबरात हळूहळू वर चढते, ध्रुवांकडे सरकते आणि तिकडे खाली उतरते, आणि जाताना ओझोन बरोबर घेऊन जाते. या प्रवाहाला ब्रुअर-डॉबसन अभिसरण म्हणतात, तो हिवाळ्यात जोरात असतो आणि त्याच काळात ध्रुवाकडे ऊन नसल्याने आलेला ओझोन फारसा तुटत नाही, नुसता साठत जातो. म्हणून उत्तर गोलार्धात वरच्या अक्षांशांवर कमाल पातळी उन्हाळ्यात न येता मार्च-एप्रिलच्या सुमारास येते, ४०० युनिटच्या वर, आणि मग उन्हाळाभर हळूहळू झिजत ऑक्टोबरच्या आसपास तळ गाठते.

दक्षिणेकडे गणित वेगळं आहे. उत्तरेत हिमालय, रॉकीज असे मोठे डोंगर आणि जमीन-समुद्राचा फरक यामुळे वातावरणात मोठ्या लहरी उठतात आणि त्याच हा प्रवाह ढकलतात, दक्षिणेत बहुतेक पाणीच, त्यामुळे लहरी कमजोर, अंटार्क्टिकाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांचा हिवाळी भोवरा घट्ट राहतो आणि बाहेरचा ओझोन आत शिरत नाही. ज्याच्या नावाचं हे एकक आहे त्या डॉबसनला हे १९५६ मध्येच दिसलं होतं, अंटार्क्टिकावरच्या हॅली बे या संशोधन केंद्रातले सप्टेंबर-ऑक्टोबरचे आकडे अपेक्षेपेक्षा सुमारे १५० युनिट कमी आले, आधी उपकरणातच बिघाड असेल असं वाटलं, आणि नोव्हेंबरमध्ये आकडे एकदम उसळून वर आले.

ही झाली नैसर्गिक गोष्ट, ओझोनचं भोक त्याच्या पुढची. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या शास्त्रज्ञांनी त्याच हॅली बेच्या नोंदींवरून दाखवलं की ऑक्टोबरचे आकडे वर्षानुवर्षं घसरत ३०० वरून २०० च्या आसपास आलेत. कारण फ्रिज आणि स्प्रेमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बनमधून सुटलेलं क्लोरीन. उणे ७८ अंशांच्या खाली स्थितांबरात जे ढग बनतात त्यांच्या कणांवर हे क्लोरीन जागं होतं आणि सप्टेंबरात ऊन परतलं की ओझोन खायला लागतं. म्हणून भोक (२२० युनिटपेक्षा कमीचा भाग) दर वर्षी ऑगस्टमध्ये उघडतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरतं. डिसेंबरात "भोक बुजलं" अशी बातमी आली की लोक निर्धास्त होतात, मला ते फार खटकतं, तुलना करायची तर ऑक्टोबरची ऑक्टोबरशी करा आणि तीही बऱ्याच वर्षांची. असे वायू बंद करण्यासाठी देशांनी केलेल्या १९८७ च्या माँट्रियल करारामुळे सुधारणा होतेय हे खरं, पण संथ गतीने.

आपल्याकडे, म्हणजे पुणे-मुंबईच्या अक्षांशावर, साधारण २४० ते २८० युनिट असतात, डिसेंबर-जानेवारीत कमी, मे-जूनकडे जास्त, फरक थोडाच. म्हणजे आपली गोधडी बारमाही पातळ, वर सूर्य डोक्यावर, म्हणून आपल्याकडचं ऊन अतिनील किरणांच्या बाबतीत इतकं कडक. या मोजमापाला पुण्याचा मोठा हातभार आहे. हवामानशास्त्रज्ञ के. आर. रामनाथन यांनी इथे आणि नंतर अहमदाबादला ओझोनवर काम केलं, आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आलेल्या अ‍ॅना मणी यांनी देशी ओझोनसाँड, म्हणजे उंचावर जाऊन ओझोन मोजणारं उपकरण, बनवण्याचं काम उभं केलं. फुग्याला टांगलेली छोटी पेटी, आत पंप आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण, हवेतला ओझोन द्रावणात शिरला की बारीक विद्युतप्रवाह वाहतो आणि रेडिओवरून खाली कळतो. एकूण आकड्यातून न दिसणारी गोष्ट यातून दिसते, कुठल्या उंचीवर किती.

जमिनीलगतचा ओझोन मात्र थेट प्रदूषण, फुप्फुसांना आणि पिकांना घातक, आणि त्याचं वेळापत्रक वेगळंच. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि बाष्पशील सेंद्रिय वायू उन्हात शिजून तो बनतो, त्यामुळे सकाळी दहानंतर चढतो, दुपारी दोन-चारच्या दरम्यान शिखरावर, रात्री धुरातलाच नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. म्हणूनच गजबजलेल्या चौकापेक्षा वाऱ्याच्या दिशेला शहराबाहेर असलेल्या गावात तो बरेचदा जास्त निघतो, धूर शहराचा आणि त्रास गावाच्या पिकाला. भारतात आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. पुण्यात पातळी मार्च ते मे वर असते, दिल्लीत पण मेच्या उन्हात चढते, आणि पाऊस लागला, ढग आले, अरबी समुद्रावरची स्वच्छ हवा आत शिरली की जुलै-ऑगस्टमध्ये पुणे-मुंबईत तो वर्षातल्या सगळ्यात खालच्या पातळीवर येतो.