गुद्द्यांची नोकरी : कॅनडाच्या ज्युनियर आइस हॉकीतील 'एन्फोर्सर'ची पार्श्वभूमी

क्युबेक आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत खेळल्या जाणाऱ्या कॅनडाच्या ज्युनियर हॉकी लीगने २०२३-२४ च्या हंगामापासून मारामारी करणाऱ्या खेळाडूला त्या सामन्यातून थेट बाहेर काढण्याचा नियम लागू केला. समोरच्याला गुद्दे मारणाऱ्याला बाहेर घालवायचे, एवढी साधी गोष्ट नव्याने लिहून काढावी लागते याचे आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटेल. परंतु उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक आइस हॉकीत मारामारीची शिक्षा आजही सहसा पाच मिनिटे बाकावर बसणे एवढीच आहे, आणि कॅनडातील सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या हॉकीत गुद्दे मारणे हे कित्येक दशके काही मुलांना नेमून दिलेले काम होते. ते काम करणाऱ्याला 'एन्फोर्सर' म्हणतात. मारामारीची चर्चा सहसा खेळाडूंच्या तापट स्वभावाच्या अंगाने होते; मला मात्र तिच्याकडे एका नोकरीचा इतिहास म्हणून पाहणे जास्त खरे वाटते, कारण ती जागा मोठ्या माणसांनी निर्माण केली आणि तिच्यावर मुले भरती केली.

ज्युनियर हॉकीची रचना समजल्याशिवाय हे उमगत नाही. ऑन्टारिओ, पश्चिमेकडचे प्रांत आणि क्युबेक अशा तीन लीग 'कॅनेडियन हॉकी लीग' या छत्राखाली चालतात आणि त्यांचे विजेते मेमोरियल कपसाठी भिडतात. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ हा चषक १९१९ मध्ये सुरू झाला. खेळाडूंची निवड चौदाव्या-पंधराव्या वर्षीच होते. निवडलेला मुलगा घर सोडून परगावी एखाद्या यजमान कुटुंबात राहतो, शाळा सांभाळतो आणि एका हंगामात साठाहून अधिक सामने खेळतो, तेही बसमधून शेकडो किलोमीटर प्रवास करून. या सगळ्याच्या शेवटी नॅशनल हॉकी लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे, म्हणजे एनएचएलचे, दार असते. ज्याच्या पायात वेग नाही आणि काठीत कसब नाही, पण अंगात ताकद आहे, अशा मुलासाठी त्या दाराची एकच फट उघडी होती.

ती फट कशी पडली, याचे मूळ १९२२ मध्ये आहे. त्या वर्षी एनएचएलने मुष्टियुद्धावर बंदी घालण्याऐवजी त्याला नियमात बसवले आणि पाच मिनिटांची शिक्षा ठरवली. अशी मारामारी जवळून पाहिली, की तिच्यातली शिस्त लक्षात येते. दोघे काठ्या सोडतात, हातमोजे झटकून बर्फावर टाकतात, एका मुठीत समोरच्याची जर्सी खांद्यापाशी आवळून धरतात आणि दुसऱ्या हाताने तोंडावर मारू लागतात. पायाखाली अरुंद पाते आणि गुळगुळीत बर्फ असल्याने समोरच्याची जर्सी हाच तोल सावरण्याचा एकमेव आधार असतो. लाइन्समन, म्हणजे सहायक पंच, अंतर राखून उभे राहतात आणि एक जण कोसळला की मध्ये शिरतात. त्यानंतर दोघे आपापल्या पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे शिक्षेच्या बाकावर, जाऊन बसतात, आणि शिक्षा दोघांनाही सारखीच असल्याने कोणत्याच संघाचे नुकसान होत नाही. 'आमच्या गुणी खेळाडूला धक्का लावाल, तर याच्याशी गाठ आहे,' हा निरोप इतक्या स्वस्तात देता येत असल्यामुळे प्रत्येक प्रशिक्षकाला असा एक तरी मुलगा हवासा वाटे. वेन ग्रेट्झकीसारख्या असामान्य खेळाडूभोवती एनएचएलच्या एडमंटन संघाने डेव्ह सेमेंको आणि मार्टी मॅक्सॉर्ली हे एन्फोर्सर उभे केले होते, आणि १९८८ मध्ये ग्रेट्झकी लॉस एंजेलिसला गेला तेव्हा मॅक्सॉर्लीही त्याच सौद्यात त्याच्यासोबत गेला.

या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली ती फिलाडेल्फिया फ्लायर्समुळे. दांडगाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या या संघाने १९७४ आणि १९७५ असा लागोपाठ दोनदा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेत्याचा चषक, जिंकला. त्यांचा डेव्ह शुल्ट्झ १९७४-७५ च्या हंगामात ४७२ मिनिटांच्या शिक्षेस पात्र ठरला, म्हणजे जवळजवळ आठ तास. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. वर जे जिंकते त्याची नक्कल खाली होते. १९७४ च्या वसंतातच ऑन्टारिओत हॅमिल्टन आणि ब्रॅमली या दोन ज्युनियर 'बी' संघांमधली मालिका इतकी हिंसक झाली, की ब्रॅमलीच्या संघाने पुढे खेळण्यास नकार दिला. (ब्रॅमली आज ब्रॅम्प्टन शहराचा भाग आहे, आणि तिथे भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे.) प्रांत सरकारने टोरांटोचे वकील विल्यम मॅकमर्ट्री यांना चौकशीसाठी नेमले. त्यांच्यासमोर एनएचएलचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांचीही साक्ष झाली. मारामारीला मोकळीक देऊन ती विकणारी व्यावसायिक हॉकीच मुलांपुढे वाईट आदर्श ठेवते आहे, असा ठपका मॅकमर्ट्री यांनी अहवालात ठेवला. दुखण्याचे निदान पन्नास वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणाने झाले होते, हे आज तो इतिहास वाचताना फार लागते.

मारामारीच्या समर्थकांचा युक्तिवाद तेव्हाही होता आणि आजही आहे. या वेगवान खेळात संताप साचतो आणि गुद्द्यांची वाट बंद केली तर तो काठीने बाहेर पडेल, तेव्हा कुकरच्या शिटीसारखी ही सोय असू द्यावी, असे ते म्हणतात. हे म्हणणे काही खेळाडूंना मनापासून पटते, म्हणून ते हसण्यावारी नेऊ नये. परंतु ज्युनियर हॉकीचा अनुभव त्याला साथ देत नाही. १९७९ मध्ये न्यू वेस्टमिन्स्टर आणि पोर्टलंड यांच्या सामन्यातील हाणामारीनंतर न्यू वेस्टमिन्स्टरच्या सात खेळाडूंवर मारहाणीचे गुन्हे दाखल झाले. चेकोस्लोव्हाकियातील पिएश्त्यानी गावी ४ जानेवारी १९८७ रोजी जागतिक ज्युनियर स्पर्धेत कॅनडा आणि सोव्हिएत संघ भिडले, तेव्हा दोन्ही बाजूंचे बाक रिकामे झाले. पंच बर्फ सोडून गेले आणि अखेर आयोजकांनी सभागृहातले दिवे घालवले, तरी अंधारात मारामारी चालूच राहिली. दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले. कॅनडा ४-२ ने पुढे होता आणि त्याचे पदक नक्की होते. सुवर्णपदक शेवटी फिनलंडला गेले. तरीही मायदेशी अनेकांच्या लेखी ती मुले वीर ठरली. दणकटपणा हाच राष्ट्रीय गुण मानला गेला, की अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला बाकावर बसून राहणे किती अवघड होते, हे त्या रात्रीने दाखवले.

या नोकरीची किंमत डेरेक बूगार्डच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसते. तो सस्कॅचेवन प्रांतातील सास्काटूनचा. वडील कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलात असल्याने बदलीमुळे लहान लहान गावे पालटत गेली, आणि प्रत्येक शाळेत तो नवा आणि सगळ्यांपेक्षा उंच मुलगा असे. मेलफर्ट येथे पंधरा-सोळा वर्षांचा असताना एका सामन्यात तो संतापून प्रतिस्पर्ध्यांच्या बाकावर घुसला आणि दिसेल त्याला गुद्दे मारू लागला. समोरची मुले वाट फुटेल तिकडे पळाली. प्रेक्षकांत रेजायना पॅट्स या ज्युनियर संघाचे निवडकर्ते बसले होते. एरवी ज्या वर्तनासाठी मुलाला घरी बसवले असते, त्याच्याच जोरावर त्यांनी त्याचे नाव आपल्या यादीत घातले. पुढे प्रिन्स जॉर्जच्या ज्युनियर संघात असताना २००१ मध्ये एनएचएलच्या मिनेसोटा संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला सातव्या फेरीत घेतले; त्यानंतर तो मेडिसिन हॅटच्या ज्युनियर संघाकडून खेळला. एनएचएलमध्ये तो २७७ सामने खेळला आणि त्याने तीन गोल केले. १३ मे २०११ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मद्य आणि वेदनाशामक ऑक्सिकोडोन यांच्या मिश्रणाने त्याचा मृत्यू झाला. बोस्टन विद्यापीठातील तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार आढळला. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलाक हे आणखी दोन लढवय्ये खेळाडू गेले. दोघेही सस्कॅचेवनमधल्या ज्युनियर संघांतून वर आलेले.

नियम बदलू लागले ते याच्या थोडे आधीपासून. मार्च २००८ मध्ये क्युबेक रेम्पार्ट्स या ज्युनियर संघाचा गोलरक्षक जोनाथन रॉय याने शिकुतिमी येथे समोरच्या संघाच्या, प्रतिकार न करणाऱ्या गोलरक्षकाला बडवले. ते दृश्य देशभर दाखवले गेले, प्रांत सरकारने लीगला जाब विचारला आणि खटलाही चालला. पुढच्याच जानेवारीत ऑन्टारिओतील व्हिटबी संघाचा एकवीस वर्षांचा डॉन सँडरसन मरण पावला. तो ज्युनियर नव्हता, प्रौढांच्या हौशी लीगमध्ये खेळत होता. मारामारीत शिरस्त्राण निघाले, डोके बर्फावर आपटले आणि तो कोमात गेला. ज्युनियर हॉकीत डोळ्यांपुढे पारदर्शक पट्टी सक्तीची असल्याने, तिच्यावर बोटे फुटू नयेत म्हणून मुले लढण्यापूर्वी शिरस्त्राण आपणहून काढून ठेवत. ऑन्टारिओच्या लीगने लगेच त्याला मनाई केली. २०१२ मध्ये तिने हंगामात दहाहून अधिक मारामाऱ्या करणाऱ्यास दोन सामन्यांचे निलंबन ठरवले, आणि २०१६ मध्ये ती मर्यादा तीनवर आणली. केवळ मारामारीसाठी पाळलेल्या मुलाची जागा खरे तर इथेच गेली, कारण तीन लढतींसाठी कोणताही संघ यादीतली एक जागा अडकवून ठेवणार नाही. क्युबेकच्या लीगने सामन्यातून थेट बाहेर काढण्याचे पुढचे पाऊल टाकले, तेही सरकारचा रेटा असताना. ऑन्टारिओ आणि पश्चिमेकडच्या लीगनी तिचे अनुकरण केलेले नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, आणखी एक निर्णय घेतला. कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना आजवर तिथे प्रवेश नव्हता. ऑगस्ट २०२५ पासून तो मिळाला. महाविद्यालयीन हॉकीत मारामारी करणारा त्या सामन्यातून बाद होतो आणि पुढच्या सामन्यालाही मुकतो. त्यामुळे आता पश्चिमेकडच्या एखाद्या गावातल्या पंधरा वर्षांच्या धिप्पाड मुलापुढे ज्युनियर हॉकीनंतरचा एक रस्ता असाही आहे, जिथे त्याच्या मुठींना गिऱ्हाईक नाही आणि त्याला स्केटिंगच सुधारावे लागणार आहे.