एका शब्दाने बंद पाडलेले घाट

पौष लागला की नाशिक जिल्ह्यात जत्रांचे फलक झळकू लागतात. अलीकडे त्यांवर कुस्त्यांच्या दंगलीशेजारी बैलगाडा शर्यतीची ओळ पुन्हा दिसते. तरीही निफाड, दिंडोरी, सिन्नर भागात फिरलं की असेही घाट, म्हणजे शर्यतीचे माळ, दिसतात, जिथे एके काळी गाडे सुटायचे आणि आता कोणी दावणसुद्धा बांधत नाही. "बंदी उठली ना, मग आपलाच घाट बंद कसा?" हा प्रश्न विशीतली पोरं विचारतात. बंदी लागली तेव्हा ती शाळेत होती.

बंदी २०१४ साली लागली असं सगळे सांगतात. पण तिची मुळं ११ जुलै २०११ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्याआधी इंग्रजांच्या काळातला १८९० चा होता. १९६० च्या कायद्यातलं २२ वं कलम असं सांगतं की, केंद्र सरकार ज्या प्राण्याचं नाव जाहीर करेल, त्याला खेळ करून दाखवण्यासाठी शिकवायचं नाही आणि लोकांपुढे आणायचंही नाही. १९९१ च्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा होता. रोख सर्कशीवर आणि अस्वल-माकड नाचवणाऱ्या दरवेश्यांवर होता, हे यादी वाचूनच कळतं. पुढे कुत्रा वगळला गेला, सिंह आला, आणि २०११ च्या यादीत शेवटी एक शब्द जोडला गेला : 'बुल्स'.

आमच्या गावात ही बातमी पोचली तेव्हा पारावर पहिला वाद झाला तो याच शब्दावर. बुल म्हणजे कोण?

शहरातल्या वाचकाला हा शब्दच्छल वाटेल. पण ज्याच्या दावणीला जनावर आहे, त्याच्यासाठी हे पाच वेगवेगळे प्राणी आहेत. वासरू नर असेल तर तो गोऱ्हा. वयात आला, पण खच्ची केलेला नाही, तो खोंड. गायी लावण्यासाठी राखला तो वळू. देवाच्या नावाने मोकळा सोडला तो पोळ. आणि खच्ची करून औताला, गाडीला लावला तो बैल. इंग्रजीतही दोन शब्द आहेत. 'बुल' हा खच्ची न केलेला, 'बुलक' हा खच्ची केलेला. तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूत ज्याच्या वशिंडाला धरतात तो बिनखच्चीचा बुल. आपल्याकडे ज्या गाडीची शर्यत लावतात तिला इंग्रजीत 'बुलक कार्ट' म्हणतात. अधिसूचनेत बुल होता, बुलक नव्हता. मग बैलगाडा बंद झाला की नाही?

गोष्ट इथेच सुटत नाही. शर्यतीचं जनावर नेहमी खच्ची केलेलंच असतं असं नाही. पळणारं खिल्लार जातीचं जनावर बरेचदा खोंडच असतं. वयाचे गट दातांवरून ठरतात : दुधाचे दात शाबूत असलेला आदत, दोन दात लावलेला दुसा, चार लावलेला चौसा. आदत गटात पळतो तो अजून खोंड, म्हणजे कायद्याच्या भाषेत बुल. त्याच माळावर तासाभराने पळणारी थोराड जोडी खच्ची केलेली असेल, तर ती बुलक. एकाच दिवशी, एकाच पट्टीवर, एक शर्यत यादीतल्या प्राण्याची आणि दुसरी यादीबाहेरच्या! मराठी बातमीत मात्र सगळ्यांसाठी एकच शब्द आला, बैल. तिथून पुढे पोलीसपाटलापासून तहसील कचेरीपर्यंत सगळ्यांनी तोच शब्द धरला.

शब्दांमधला हा फरक सरकारला ठाऊक नव्हता असं म्हणता येत नाही. राज्याच्या प्राणी संरक्षण कायद्यातली, म्हणजे कत्तलबंदीची, जी दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये लागू झाली, तिच्यात गाय, बुल आणि बुलक असे तिन्ही शब्द स्वतंत्रपणे येतात. कत्तलीच्या कायद्यात ज्यांना दोन जनावरं मानलं, त्यांना शर्यतीच्या अधिसूचनेत एक का मानलं, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कच्ची वीट हीच आहे.

दुसरी अडचण तिकिटाची. याच कायद्याच्या २१ व्या कलमात खेळाची व्याख्या आहे : जिथे लोक तिकीट काढून येतात, असा करमणुकीचा कार्यक्रम. जत्रेत तिकीट नसतं. वर्गणी असते, बक्षिसाची ढाल असते, बैलमालकाची प्रवेश फी असते, पण माळाच्या कडेला उभं राहून बघणाऱ्याकडून कोणी पैसा घेत नाही. शर्यतीच्या बाजूने हा मुद्दा मांडला गेला आणि तो टिकला नाही.

राज्याने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राच्या अधिसूचनेवरून आदेश काढला आणि उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी उचलून धरली. पुढची दोन वर्षं जत्रा कमिट्यांनी कशी काढली ते त्यांनाच माहीत. कधी परवानगीची आशा, कधी नकार, कधी फलक छापून झाल्यावर शर्यत रद्द. मग ७ मे २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यात जल्लिकट्टूसोबत महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींचं नाव घेऊन सांगितलं होतं की, तमिळनाडूत, महाराष्ट्रात किंवा देशात कुठेही बुल हा खेळाचा प्राणी म्हणून वापरता येणार नाही. खच्चीचा की बिनखच्चीचा, हा वाद तिथे संपला. शर्यत बुलक कार्टची असली तरी ती बंद.

निकालाचा गाभा शब्दात नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. न्यायालयाचं म्हणणं असं की, बैल हा ओझं ओढणारा प्राणी आहे, घोड्यासारखी त्याची शरीररचना पळण्यासाठी नाही, आणि तो पळतो तो भीतीने किंवा वेदनेने. भूक, अस्वस्थता, वेदना, भय यांपासून मुक्ती आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, ही प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं न्यायालयाने मानली. शेपूट पिरगळणं, चावणं, आर टोचणं, बॅटरीचा झटका देणं, डोळ्यांत तिखट घालणं हे प्रकार देशभरातल्या खेळांच्या संदर्भात न्यायालयापुढे आले होते. आपल्याकडे असं काही होतच नव्हतं असं म्हणणारा खोटं बोलतो. मी स्वतः लहानपणी पराणीच्या टोकाला खिळा ठोकलेला पाहिला आहे. पण ज्या घरात पोळ्याला बैलाच्या खांद्याला आदल्या रात्री लोणी-हळद चोळतात, तिथेही तोच कायदा लागला. मारणाऱ्याला पकडण्याची सोय १९६० पासूनच ११ व्या कलमात होती. ती वापरली असती तर माळ बंद करण्याची वेळ आली नसती, असं मला आजही वाटतं.

घोड्यांशी तुलना तेव्हाही झाली, आजही होते. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे पळतच राहिले, कारण घोडा यादीत नव्हता. न्यायालयाचं उत्तर शरीररचनेचं होतं आणि ते पूर्णपणे खोडता येत नाही. पण इगतपुरी, त्र्यंबक भागातली आपली डांगी जात आणि सातारा-सांगली-सोलापूरकडून आलेलं खिल्लार शेजारी बांधून पाहावं. डांगी मुसळधार पावसात, भाताच्या चिखलात रुतत रुतत काम करणारं, चालीला सावकाश. शर्यतीला ते कोणी घेत नाही. खिल्लार पायांनी उंच, अंगाने सडपातळ, आवाजालाही उसळणारं. 'बैल पळू शकत नाही' हे वाक्य दोघांनाही एकसारखं लावता येईल का? पुढे राज्याने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर तज्ज्ञांचा अहवाल करून घेतला, तो याच प्रश्नासाठी.

निकालानंतरचं पहिलं वर्ष बैलवाल्यांना दोन्हीकडून चेपणारं ठरलं. मे २०१४ मध्ये शर्यत गेली. मार्च २०१५ मध्ये बुल आणि बुलक यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. त्याआधी १९७६ च्या कायद्याखाली म्हाताऱ्या बैलासाठी दाखला घेण्याची वाट होती. कत्तलबंदी बरोबर की चूक, हा वेगळा आणि मोठा वाद आहे. इथे फक्त एवढंच की, शेतीचं काम ट्रॅक्टरने घेतलं होतं, शर्यतीचं कोर्टाने, आणि म्हाताऱ्या जनावराला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही. गोऱ्हा जन्मला की घरात आनंद व्हायचा, तो कमी झाला. घोटीच्या बाजारात जातिवंत खोंडाकडे बघणारे होते, दाव्याला हात घालणारे कमी.

७ जानेवारी २०१६ ला केंद्राने नवी अधिसूचना काढून शर्यतींना सूट दिली. महाराष्ट्राचं नाव त्यात होतं आणि धावपट्टी २ किलोमीटरपेक्षा लांब नको अशी अटही होती. गावांनी माळ साफ करायला घेतले. १२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पाच दिवस.

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी जनसागर लोटला, तमिळनाडूने स्वतःचा कायदा केला, आणि त्याच वाटेने एप्रिल २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने केंद्राच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती मंजूर केली. तिला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. या दुरुस्तीतली व्याख्या मुळातून वाचावी अशी आहे. बैलगाडा शर्यत म्हणजे 'बुल किंवा बुलक' यांची शर्यत, लाकडी जू लावून किंवा न लावता, गाडीवान असो वा नसो, परंपरेने जिथे होत आली त्या जिल्ह्यात, जिल्हाधिकाऱ्यांनी आधी मान्य केलेल्या जागी; आणि राज्यात जी बैलगाडा शर्यत, छकडी, शंकरपट या नावांनी ओळखली जाते ती. सहा वर्षांपूर्वीच्या एका शब्दाची दुरुस्ती करायला इतके शब्द लागले. पारावरच्या म्हाताऱ्यांचं बरोबर होतं, एवढं तरी त्यातून कळलं.

तरी घाट उघडले नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने नियम होईपर्यंत परवानगी देऊ नका असं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये, नियम केले तरी बैलाची शरीररचना बदलत नाही, या कारणाने मनाई कायम ठेवली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सगळ्या राज्यांचा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेला आणि तिथे पडून राहिला. तमिळनाडूत आणि कर्नाटकात त्यांच्या कायद्याखाली खेळ चालू, महाराष्ट्रात तसाच कायदा असून बंद, ही विसंगती चार वर्षं टिकली. या काळात आडबाजूच्या शिवारात पहाटे चोरून गाडे पळाले, पोलिसांनी धरले, गुन्हे नोंदले गेले. ते मागे घेण्याचं राज्याने पुढे जाहीर केलं, पण तोवर कित्येक पोरांनी तारखांना खेटे घातले होते.

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने इतर राज्यांचा दाखला देत महाराष्ट्रालाही अंतरिम मुभा दिली. मे २०१४ पासून धरलं तर ही साडेसात वर्षं झाली. खोंडाची पळण्याची उमेद जेमतेम तेवढीच असते. म्हणजे बैलांची एक अख्खी पिढी पट्टी न पाहता गेली.

मग सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी. जनावरांची वाहतूक, बाजार, प्रदर्शनं आणि शर्यती राज्यभर थांबवल्या गेल्या. या थांबण्यावर गावात कोणी कुरकुर केली नाही. गोठ्यात गाठींनी भरलेलं जनावर पाहिलेल्याला शर्यत सुचत नाही. १८ मे २०२३ ला घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. नव्या नियमांमुळे प्राण्याच्या वेदना बऱ्याच अंशी कमी होतात, आणि परंपरा कोणती हे ठरवणं विधिमंडळाचं काम, असं पीठाने म्हटलं. नियम काटेकोर पाळले जातात की नाही, याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली.

आता मूळ प्रश्नाकडे. नियमांनुसार पट्टी १००० मीटरपेक्षा लांब चालत नाही, महामार्गावर किंवा खडकाळ जागी शर्यत नाही, आधी अर्ज, ५० हजार रुपयांची अनामत, पशुवैद्याचा दाखला, चित्रीकरण. चाबूक, काठी, बॅटरी बंद. यातलं काहीही अवास्तव नाही आणि बॅटरी-चाबकाचा नियम तर वीस वर्षं आधी यायला हवा होता. अडचण जागेची आहे. परवानगीला परंपरेची जागा हवी, आणि साडेसात वर्षांत जागा थांबून राहिली नाही. पूर्वी जत्रेआधी चार-पाच शेतकरी आपापले बांध मोडून द्यायचे, शर्यत झाली की पुन्हा घालायचे. हरभरा निघालेलं रान असायचं, बांध मातीचा असायचा. त्याच रानात आता द्राक्षाचे मांडव आहेत, लोखंडी अँगल रोवलेले, वर तारा ओढलेल्या. तो बांध वर्षातून एकदा मोडता येत नाही. शहराकडच्या बाजूला गुंठ्यांचे प्लॉट पडले, कडेने कुंपणाच्या जाळ्या आल्या. कांद्याच्या चाळी उभ्या राहिल्या त्या उंचवट्यावर, जिथे पाणी साचत नाही, म्हणजे नेमक्या गाडा सुटायच्या जागी.

आमच्या घाटाचं तसंच झालं. सुटायच्या जागेचे दोन दगड अजून आहेत. एकावर कोणी तरी चुन्याने ओढलेली रेघ पुसट दिसते, दुसरा चाळीच्या पायाला टेकू म्हणून गेला आहे. मधल्या पट्टीत तीन बागा आहेत आणि त्यांतली एक पूर्वी ज्याचा गाडा पहिला यायचा त्याच्या मुलाची आहे. त्याने यंदा एक आदत खोंड घेतलाय. तो त्याला टेम्पोत घालून दुसऱ्या तालुक्यातल्या जत्रेला नेतो.