घरोघरी नवजात बालसेवा

गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन केलेली नवजात बाळाची नियमित तपासणी, देखभाल आणि ठरावीक आजारांवरचा उपचार. ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात ही पद्धत उभी केली. अशा स्त्रीला तिथे ‘आरोग्यदूत’ म्हणतात.

क्षेत्रीय प्रयोगासाठी ३९ गावे निवडली आणि तुलनेसाठी ४७. १९९३ पासून दोन वर्षे फक्त जन्म-मृत्यूंची मोजदाद झाली. १९९५-९६ मध्ये आरोग्यदूतांनी ७६३ बाळांची घरी जाऊन नोंद ठेवली. बहुतेक बाळंतपणे घरीच झालेली. ४२ टक्के बाळांचे जन्मवजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरले. ५४.४ टक्के बाळांना उपचाराची गरज होती. तो मिळाला २.६ टक्क्यांना. उपचाराचा भाग त्यानंतर, १९९६ पासून जोडला गेला.

अवघड प्रश्न जंतुदोषाचा, म्हणजे शरीरभर पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचा (सेप्सिस) होता. रक्ततपासणीची सोय नसताना तो ओळखायचा कसा? पुढे या नोंदींतून सात खुणा निश्चित झाल्या: दूध ओढणे मंदावणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे किंवा बंद पडणे, हातपाय लुळे पडणे, उलट्या किंवा पोट फुगणे, आईच्या हाताला बाळ गार लागणे, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे आणि बेंबी पिकणे. यांतल्या कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या तर जंतुदोष समजायचा. या नियमातून मरणाच्या दारातले बाळ सहसा निसटत नाही. मात्र औषधाविना वाचली असती अशी बरीच बाळेही उपचारात येतात. घरापासून दवाखाना लांब असेल तर हा सौदा परवडतो. प्रयोगात उपचार म्हणजे दोन प्रतिजैविके: जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि पाजायचे कोट्रायमोक्साझोल. त्यासाठी आई-वडिलांची संमती घेतली जाई.

भेटीतल्या कामांना क्रम आहे. साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन ते हवेतच वाळवायचे. पदराला पुसले की धुणे वाया गेले. बाळाचे कपडे काढण्याआधी काखेत थर्मामीटर लावायचा. ९७ अंश फॅरनहाइटच्या खाली बाळ गार, ९९ च्या वर ताप. श्वास बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचे. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे, कारण नवजाताचा श्वास मुळातच अनियमित असतो आणि एका मोजणीवर न्यूमोनिया ठरवणे चूक होते. वजनासाठी आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा आणि आकडा डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचायचा. हा शून्य राहून गेला तर झोळीचे वजन बाळाच्या नावावर चढते, आणि २,४५० चे बाळ २,५५० चे होऊन जोखमीच्या यादीतून सुटते.

जन्मताच न रडणाऱ्या बाळाला कोरडे करून चोळायचे, तोंड-नाकातला चिकट द्रव काढायचा. तरीही श्वास नसेल तर पिशवी-मुखवट्याने हवा द्यायची. कमी वजनाच्या बाळाला उबदार झोळीत गुंडाळणे आणि आईला लगेच पाजायला लावणे ही कामे साधी वाटतात. पण जन्मल्याबरोबर आंघोळ आणि चीक (आईचे पहिले घट्ट दूध) पिळून टाकणे या रूढींशी गाठ पडते ती इथेच.

निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आरोग्यदूतांच्या कामाच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. जंतुदोष झालेल्या बाळांमधील मृत्यूंचे प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आले. प्रत्येक बाळामागे खर्च ५.३ डॉलर.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी घरभेटींची शिफारस केली. भारत सरकारने २०११ मध्ये हे काम आशांकडे (गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे) सोपवले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी जन्मलेल्याला पहिल्या दिवसाची धरून सात. मोबदला २५० रुपये, आणि त्याच्या अटींत ४२ व्या दिवशी आई व बाळ सुखरूप असणे हीही एक. म्हणजे ज्या घरी सर्वाधिक फेऱ्या पडल्या आणि बाळ तरीही गेले, तिथली मेहनत फुकट. इंजेक्शन मात्र आशांच्या हाती दिलेच नाही; २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा एएनएमला (उपकेंद्रातल्या प्रशिक्षित परिचारिकेला) दिली. त्यामुळे गडचिरोलीच्या आकड्यांवरून राष्ट्रीय कार्यक्रमाचे यश मोजणे योग्य नाही: घरभेट उचलली गेली, घरातला उपचार नाही.