जॅझला रेडिओने दिलेली उरलीसुरली वेळ

रेडिओवर आज जॅझ सप्ताह असला की मैफली संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेला लागतात. ही चैन अलीकडची. अमेरिकेत रेडिओने या संगीताला आधी दिली ती बिनजाहिरातीची, रात्री उशिराची वेळ.

१९२०च्या दशकातली पद्धत साधी होती. नाचघरात मायक्रोफोन ठेवायचा आणि तिथून टेलिफोनची तार थेट केंद्रापर्यंत न्यायची. बँड एरवीही वाजवतच असे, त्यामुळे केंद्राला कार्यक्रम स्वस्तात पडे. ४ डिसेंबर १९२७ रोजी बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये रुजू झाला आणि तिथल्या प्रक्षेपणांमुळे देशभर ऐकला जाऊ लागला. क्लब हार्लेममध्ये, वादक कृष्णवर्णीय, पण गिऱ्हाईक म्हणून आत प्रवेश गोऱ्यांनाच. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसालाही हा बँड ऐकायचा तर रेडिओच लावावा लागे.

संध्याकाळच्या वेळा जाहिरातदारांच्या ताब्यात होत्या आणि कृष्णवर्णीय बँडवर पैसा लावायला ते सहसा तयार नसत. १९३७मध्ये एका यीस्ट कंपनीने ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगला काही आठवडे आपला कार्यक्रम दिला, तोही सुट्टीवर गेलेल्या गायक रूडी व्हॅलीच्या जागी.

गोऱ्या बँडप्रमुख बेनी गुडमनला जाहिरातदार मिळाला. डिसेंबर १९३४पासून एका बिस्किट कंपनीच्या ‘लेट्स डान्स’ कार्यक्रमात दर शनिवारी तीन बँड असत आणि गुडमनची पाळी शेवटी येई. तोवर न्यूयॉर्कमध्ये लोक पेंगायला लागलेले, पण कॅलिफोर्नियात घड्याळ तीन तास मागे. पुढच्या उन्हाळ्यात बँड दौऱ्यावर निघाला. डेन्व्हरमध्ये त्याला कुणी विचारलं नाही, मात्र २१ ऑगस्ट १९३५ला लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नाचघरात तरुणांची झुंबड उडाली. स्विंगचं, म्हणजे मोठ्या बँडच्या नाचायला लावणाऱ्या जॅझचं युग तिथून सुरू झालं असं मानतात. त्यातल्या अनेक रचनांची बांधणी फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराची होती, हे मात्र नाचणाऱ्यांतल्या किती जणांच्या गावी होतं कोण जाणे.

कृष्णवर्णीय पियानोवादक काउंट बेसीचं नशीबही मध्यरात्रीच उघडलं. १९३६च्या सुमारास शिकागोत, कडाक्याच्या थंडीत मोटारीत बसून संगीत-समीक्षक जॉन हॅमंड रेडिओचा काटा फिरवत होता. त्याला कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमधला बेसीचा नऊ जणांचा बँड सापडला. केंद्र छोटं, प्रायोगिक होतं. हॅमंडने या बँडबद्दल लिहून, बोलून रान उठवलं. बेसीच्या एका रचनेचं मूळ नाव इतकं चावट होतं, की निवेदकाला ते हवेवर उच्चारता येईना. रात्रीचा एक वाजत आला होता म्हणून तिथल्या तिथे ‘वन ओ’क्लॉक जंप’ हे नाव ठेवलं, असं सांगतात. बेसीचा बँड पुढे या रचनेनेच ओळखला गेला.

जर्मनीत नाझींनी ऑक्टोबर १९३५मध्ये रेडिओवर जॅझला बंदी घातली. दुसऱ्या महायुद्धात मात्र इंग्रजांना हिणवण्यासाठी त्यांनी स्वतःच एक स्विंग बँड रेडिओवर बसवला!

युद्धानंतर सूत्रं अमेरिकी सरकारच्या हाती आली. जानेवारी १९५५मध्ये परदेशी श्रोत्यांसाठीच्या ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी रेडिओवर विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला. शॉर्टवेव्हवर आवाज चढे-उतरे. रेडिओ सिलोन लावताना कान कसा देऊन बसावं लागे, हे आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. कॉनोव्हर जाड, खर्जातल्या आवाजात एकेक शब्द सुटा करून बोले. इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही वादकांची नावं टिपता यावीत म्हणून. राजकारणावर तो बोलतच नसे, आणि माझ्या मते कार्यक्रमाची खरी ताकद तीच होती. १९५९मध्ये तो वॉर्सॉला उतरला तेव्हा विमानतळावर गर्दी होती. ती दुसऱ्याच कुणासाठी असावी असं त्याला वाटलं.

त्याच्या स्वतःच्या देशात अशी गर्दी जमणं कठीणच होतं. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे कार्यक्रम देशांतर्गत श्रोत्यांसाठी प्रसारित करायला १९४८च्या कायद्याने मज्जाव होता. १९९६मध्ये तो वारला, तेव्हाही बहुतेक अमेरिकनांनी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.