कॅनडातील प्रेअरी गावांचे सामुदायिक उत्सव आणि दैनंदिन वारसा

कॅनडाच्या मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा या प्रांतांतील गवताळ मैदानांना प्रेअरी म्हणतात. तेथील लहान गावांत श्रमदान, तिकीटविक्री आणि सामाईक स्वयंपाक यांच्या बळावर चालत आलेले समारंभ, तसेच त्यांना जागा देणारी सभागृहे, चर्चची तळघरे, बर्फावरील खेळांची क्रीडागृहे व धान्यकोठारे यांचा या वारशात समावेश होतो.

या गावांचा जन्म रेल्वे आणि गहू यांच्यापासून झाला. १८७२ च्या जमीनविषयक कायद्याने १० डॉलर शुल्क भरून, तेथे राहून शेती करण्याच्या अटीवर १६० एकर जमीन देऊ केली आणि युक्रेनियन, आइसलँडिक, जर्मन, स्कँडिनेव्हियन अशी अनेक भाषांची आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची कुटुंबे येथे आली. ही भूमी त्यापूर्वी ओसाड नव्हती. १८७१ ते १८७७ या काळातील करारांनंतर आदिवासी राष्ट्रांना राखीव क्षेत्रांत ढकलण्यात आले आणि १८९५ मध्ये त्यांच्या अनेक विधींवर व नृत्यांवर घातलेली कायदेशीर बंदी १९५१ पर्यंत टिकली. आज उन्हाळ्यात भरणारे पाउवाउ हे नृत्यमेळे या बंदीला पुरून उरलेली परंपरा आहेत, आणि त्यांना वगळून केलेली प्रेअरीच्या उत्सवांची कोणतीही नोंद अपुरी ठरेल.

घोडागाडीत धान्य घालून शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यावे, अशा बेताने रुळालगत साधारण १० ते १५ किलोमीटरवर उंच लाकडी धान्यकोठारे उभारली गेली. त्यांना तेथे ‘एलेव्हेटर’ म्हणतात. १९३० च्या दशकात त्यांची संख्या ५,७०० च्या वर होती. सपाट क्षितिजावर दुरून प्रथम दिसणारे कोठार आणि त्यावर ठळक अक्षरांत रंगवलेले नाव, हीच गावाची ओळख असे.

सर्वांत टिकाऊ समारंभ म्हणजे सुगीनंतरचे सामुदायिक जेवण. सस्कॅचवान व अल्बर्टात त्याला ‘फाउल सपर’ (पक्ष्याच्या मांसाचे जेवण), तर मॅनिटोबात बहुधा ‘फॉल सपर’ (शरद ऋतूतील जेवण) म्हणतात. पावाचे सारण भरून भाजलेला टर्की पक्षी, कुस्करलेले बटाटे, ग्रेव्ही आणि क्रॅनबेरीचा सॉस हा त्याचा गाभा असतो. युक्रेनियन वस्तीत कोबीच्या पानांत भात गुंडाळून शिजवलेले होलुब्त्सी आणि बटाट्याचे सारण भरलेले पिरोही यांच्याशिवाय ताट पूर्ण मानले जात नाही. शेवटी भोपळ्याचे किंवा सॅस्कटून या स्थानिक बेरीचे ‘पाय’, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेले गोड पदार्थ, मांडले जातात. कोणत्या घराने टर्की भाजायची, कोणी किती ‘पाय’ करायचे, याची वाटणी आधीच होते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः चर्चच्या महिला मंडळांनी उचलले, आणि त्यांचे हे नियोजनकौशल्य वारसा म्हणून नोंदवण्यास इतिहासकारांनी फार उशीर केला. सभागृह लहान असल्यास पंगतीमागून पंगत बसते. तिकिटांचे पैसे चर्चच्या छपरासाठी किंवा सभागृहाच्या डागडुजीसाठी वापरतात. अनेक कुटुंबे शरद ऋतूत एका गावच्या जेवणाहून दुसऱ्या गावच्या जेवणाला जातात.

मॅनिटोबातील ‘सोशल’ या प्रथेत विवाह ठरलेल्या जोडप्यासाठी तिकिटे विकून नाचगाण्याची रात्र आयोजित करतात आणि जमलेला निधी त्यांना देतात. निमंत्रण नसलेल्यालाही तिकीट काढून येता येते. हिवाळ्यात गाव कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवण्याच्या खेळाच्या, क्रीडागृहात एकत्र येते. तेथील स्पर्धांना ‘बॉनस्पील’ म्हणतात.

काही उत्सव स्थलांतरितांच्या मायभूमीशी जोडलेले आहेत. १८७५ मध्ये वसलेल्या मॅनिटोबातील गिमली येथे ऑगस्टच्या आरंभी आइसलँडिक महोत्सव भरतो. १८९० मध्ये विनिपेगला सुरू झालेला हा महोत्सव १९३२ पासून गिमलीत आहे. त्यासाठी दरवर्षी समाजातील एका ज्येष्ठ स्त्रीची ‘फ्याल्कोना’, म्हणजे पर्वतस्त्री, म्हणून निवड होते. अल्बर्टातील व्हेग्रेव्हिल येथे १९७५ मध्ये रोनाल्ड रेश यांच्या रचनेनुसार ‘पिसांका’ या युक्रेनियन नक्षीदार ईस्टर अंड्याची सुमारे ९ मीटर उंच ॲल्युमिनियमची प्रतिकृती उभारली गेली. ती वाऱ्याबरोबर फिरते.

गावांचे इतिहासग्रंथ हाही या वारशाचा भाग आहे. सस्कॅचवान व अल्बर्टा हे प्रांत १९०५ मध्ये स्थापन झाले. विशेषतः १९५५ आणि १९८० च्या वर्धापनांच्या निमित्ताने गावोगावच्या समित्यांनी प्रत्येक कुटुंबाकडून त्याची हकिकत लिहवून घेतली. जमिनीचा तुकडा, पहिली झोपडी, शाळेतील शिक्षिका आणि दुष्काळाची वर्षे या तपशिलांमुळे हे ग्रंथ वंशावळी शोधणाऱ्यांना मोलाचे वाटतात.

१९९५ मध्ये धान्याच्या रेल्वे वाहतुकीवरील सवलत संपल्यावर अनेक उपमार्ग बंद पडले आणि लाकडी कोठारे वेगाने पाडली गेली. मॅनिटोबातील इंगलिस येथील पाच कोठारांची रांग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेली आहे. अनेक गावांत कोठार व शाळा दोन्ही गेल्या असल्या, तरी सभागृह उघडे आहे. ‘होमकमिंग’ या पुनर्भेटीच्या समारंभांना दूरच्या शहरांत स्थायिक झालेले वंशज तेथेच जमतात.