अतिप्रदान वसुलीची सुनावणी

सरकारी कर्मचाऱ्याला पगारापोटी देय रकमेपेक्षा जास्त पैसे गेले, असे कार्यालयाचे म्हणणे असेल, तर ते कापून घेण्याआधी त्याची बाजू ऐकण्याची जी प्रक्रिया आहे, तिला अतिप्रदान वसुलीची सुनावणी म्हणतात. ‘अतिप्रदान’ हा कार्यालयीन टिपणीतला शब्द. कर्मचारी ‘वसुली लागली’ किंवा ‘वसुली काढली’ एवढेच म्हणतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या तहसील, पंचायत समित्या, आरोग्य केंद्रे आणि शाळांमध्ये हे शब्द बहुधा निवृत्तीच्या तोंडावर ऐकू येतात.

तसे होण्याचे कारण पडताळणीच्या रचनेत आहे. वेतन आयोग लागू झाला की प्रत्येकाची वेतननिश्चिती, म्हणजे नव्या वेतनश्रेणीत त्याचा पगार ठरवणे, त्याच्याच कार्यालयात होते. ती बरोबर आहे का, हे वेतन पडताळणी पथक सेवापुस्तक, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदींचे पुस्तक, पाहून तपासते. कोकण विभागासाठी हे पथक नवी मुंबईतील बेलापूरच्या कोकण भवनात आहे. पुस्तक वेळच्या वेळी पडताळणीला गेले, तर चूक वर्षा-दोन वर्षांत सापडते. प्रत्यक्षात बदल्या, रिकामी पदे आणि लिपिकांवरचा भार यांमुळे ते कपाटातच राहते आणि पेन्शनचे प्रकरण तयार करायची वेळ आली की बाहेर निघते. सातव्या वेतन आयोगाचे नियम २०१९ मध्ये आले, पण लागू झाले १ जानेवारी २०१६ पासून. म्हणजे वेतननिश्चितीतच तीन वर्षे मागे जावे लागले. अशा कामात एक वेतनवाढ इकडची तिकडे होणे अवघड नाही.

चुकांचे प्रकार ठरलेले आहेत. पदोन्नती न मिळालेल्याला ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेचा लाभ एक वर्ष आधी दिला जातो. बिनपगारी रजेचा काळ न वगळता वेतनवाढ धरली जाते. आदिवासी क्षेत्रात काम करताना मिळणारी एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी बदलीनंतरही चालू राहते. जव्हार-मोखाड्यातून खाली वसई-पालघरकडे बदलून आलेल्यांच्या पुस्तकात हा शेवटचा प्रकार घडू शकतो. यातल्या कुठल्याच चुकीत कर्मचाऱ्याचा हात नसतो. बिल कार्यालय काढते, कोषागार ते पास करते आणि पैसे खात्यात येतात. समजा, महिना ७०० रुपये जास्त गेले आणि ते १४ वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, तर वसुली १ लाख १७ हजार ६०० रुपयांची होते. ग्रॅच्युइटीच्या भरवशावर गावच्या घराचे काम काढलेल्या माणसाच्या हातात हा आकडा पडतो.

ऐकून घेतल्याशिवाय कपात नाही, हे तत्त्व जुने आहे. रेल्वेतील गार्ड भगवान शुक्ला यांचा मूळ पगार १९७० मध्ये १९० रुपये ठरला होता. १९९१ मध्ये तो चुकीचा ठरवून मागच्या तारखेपासून १८१ रुपये करण्यात आला. फरक महिना नऊ रुपयांचा होता, पण त्यांना एका शब्दाने विचारले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हा आदेश नैसर्गिक न्यायाविरुद्ध ठरवून रद्द केला. महाराष्ट्रात निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधील नियम १३४-अ हेच सांगतो: पेन्शनमधून जादा रक्कम वसूल करण्याआधी कारण दाखवण्याची वाजवी संधी द्यायची, आणि हप्ते असे पाडायचे की पेन्शन किमान मर्यादेखाली जाणार नाही.

सुनावणीचा क्रम असा असायला हवा: आधी लेखी नोटीस, तिच्यासोबत हिशेब, मग कर्मचाऱ्याचा लेखी खुलासा, लागल्यास समक्ष सुनावणी, आणि शेवटी कारणे देणारा आदेश. यातला हिशेब सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच अनेकदा दिला जात नाही. ‘आपणाकडून एवढी रक्कम वसूलपात्र आहे’ या एका ओळीला उत्तर देता येत नाही. महिन्यागणिक देय किती आणि दिले किती हे दाखवणारा तक्ता, ज्याला कार्यालयात ‘ड्यू-ड्रॉन’ म्हणतात, तो हातात आला की चित्र बदलते. टेबलावर एका बाजूला सेवापुस्तकाचे पथकाच्या शेऱ्याचे पान उघडे असते, दुसऱ्या बाजूला हा तक्ता. बोट ठेवून ओळी जुळवत गेले की कधी कधी आक्षेपच चुकीचा निघतो: रजा मंजूर झाल्याचा आदेश पुस्तकात चिकटवलेला असतो आणि नोंद मात्र केलेली नसते. म्हणून दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे सेवापुस्तकाची दुसरी प्रत, स्वतःजवळ ठेवणे आणि ते दर वर्षी अद्ययावत करून घेणे याला पर्याय नाही. प्रती मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो; उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

आकडा बरोबर निघाला तरी वसुली करता येतेच असे नाही. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी वसुली न करण्याच्या पाच परिस्थिती सांगितल्या. कर्मचारी वर्ग ३ किंवा ४ चा, म्हणजे आताच्या गट क किंवा ड मधला असेल. तो निवृत्त झाला असेल किंवा वर्षभरात होणार असेल. जादा रक्कम वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल. त्याच्याकडून वरच्या पदाचे काम करून घेऊन त्या पदाचा पगार दिला असेल. किंवा वसुली इतकी जाचक असेल की तिच्यापुढे सरकारचा हक्क फिका पडावा. तलाठी, लिपिक, आरोग्य सेविका, वाहनचालक, शिपाई हे सगळे पहिल्याच परिस्थितीत बसतात. हा निकाल त्यांच्या खुलाशात नावानिशी यायला हवा. वेतननिश्चिती मात्र पुढच्यासाठी दुरुस्त होते; चुकीचा पगार कायम मिळण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

याला मोठा अपवाद वचनपत्राचा. २०१६ मध्ये जगदेव सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जादा रक्कम परत करीन असे लिहून दिले असेल, तर निवृत्तीनंतरही वसुली होऊ शकते. ज्यांच्याकडून वसुली होती ते जगदेव सिंग स्वतः न्यायाधीश होते. सातव्या वेतन आयोगाच्या वेळी असे वचनपत्र आपल्याकडे सरसकट घेतले गेले, त्यामुळे कार्यालये आज तेच पुढे करतात. ते कधी लिहून घेतले, कोणत्या वेतननिश्चितीपुरते होते, आणि आताची चूक त्याच वेतननिश्चितीतली आहे का, हे सुनावणीत विचारलेच पाहिजे. १९९८ सालच्या चुकीला २०१९ चे वचनपत्र लावणे मला न्याय्य वाटत नाही.

पगारातून होणारी प्रत्येक कपात अतिप्रदानाची नसते. पगारदार पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ खाली, सभासदाने दिलेल्या संमतीवरून कापला जातो. त्याबद्दलची तक्रार कार्यालयप्रमुखाकडे नेऊन फारसे काही हाती लागत नाही. संस्थेने कलम १०१ चा वसुली दाखला मागितला असेल तर सुनावणी सहकारी संस्थांच्या निबंधकापुढे होते. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण करायचे तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. सहकाऱ्यासाठी जामीन राहिलेल्याचीही यातून सुटका नाही. दिवाणी न्यायालयाच्या जप्तीत मात्र कायदा थोडे संरक्षण देतो: पोटगी सोडून इतर हुकूमनाम्यांत पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. जप्तीसाठी धरायचा पगार ४०,००० असेल तर जास्तीत जास्त १३,००० रुपये कापता येतात.

कार्यालयाचा आदेश विरोधात गेला तर राज्य शासनाचा कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे जातो. १९९१ मध्ये सुरू झालेल्या मॅटचे कामकाज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे चालते. अंतिम आदेशापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो. निवेदनाला सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर ते सहा महिने संपल्यावर वर्ष मोजतात. नुसती स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही, आणि यातच अनेकांचे नुकसान होते. अर्जासोबत वसुलीला अंतरिम स्थगिती मागता येते.

जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि शिक्षक मॅटच्या कक्षेत येत नाहीत; त्यांना उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे गेली आहेत. रायगड, ठाणे व पालघरची मुंबईतच चालतात. त्यामुळे सावंतवाडीतल्या एकाच आळीत राहणारा प्राथमिक शिक्षक आता आंबोली घाट चढून कोल्हापूर गाठतो, आणि शेजारच्या तलाठ्याला त्याच तक्रारीसाठी रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने मुंबईला जावे लागते.